मुका भीम

गाजलेल्या मालिकेच्या पोटी जन्मलेली दुसरी मालिका कमअस्सलच निघायची, असा माझा समज होता. 'छोटा भीम' २००८ साली पोगो वाहिनीवर आला. ढोलकपूर, कालियाच्या खोड्या, लाडू खाताच येणारे बळ, हे सारे आमच्या घरी हिंदीतूनच पाहिले गेले. परिणामी माझी थोरली भाची भांडतानासुद्धा हिंदीत भांडू लागली! पुढे २०१९ मध्ये हैदराबादच्या त्याच ग्रीन गोल्ड संस्थेची 'माइटी लिटल भीम' नेटफ्लिक्सवर आली. यातला भीम अगदी तान्हा आणि संवाद जवळजवळ नाहीतच.

हे मौनच मला मालिकेचे खरे बळ वाटते. धाकटा भाचा पाहू लागला की माझी आई शेजारी बसून सांगायची, "अगं बाई, उलथलं बघ भांडं! आता काय करायचं रे?" चित्र हैदराबादचे, शब्द आजीचे. कोणत्याही भाषेच्या आजीला तेथे जागा आहे.

उणीवही तेथेच आहे. मूळ भीमाला लाडू तरी लागे, सवंगडी लागत. या बाळाचे बळ उपजतच, तेव्हा चारपाच भागांनंतर गंमत ओसरते. आणि आजी नसेल तर? मागल्या महिन्यात आई गावी गेली होती. पडदा गप्प, भाचाही गप्प. अखेर अभ्यासाचे पुस्तक मिटून मीच शेजारी जाऊन बसलो. "भांडं पडलं," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.