पाठीवरची पिशवी आणि सुवर्णभूमी



परदेश सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'सोबत महाराज आहेत ना?' येथे महाराज म्हणजे स्वयंपाकी. पन्नास माणसांची बस, त्यांच्यामागे शेगडी, पातेली आणि पिठाचे डबे, सकाळी पोहे आणि सूर्यास्तापूर्वी फुलके, अशी व्यवस्था करणाऱ्या सहली निघतात आणि त्यांची सोय मी नाकारीत नाही. परंतु अशा सहलीत देश खिडकीच्या काचेपलीकडे राहतो, अशी तक्रार आता आपलीच मुले करू लागली आहेत. पाठीवर एक पिशवी, स्वस्त मुक्काम, वाटेत भेटेल तो सोबती, ही त्यांची प्रवासाची कल्पना. आमच्या लाखांदूरच्या घरात यावरून महिनाभर वाद चालला. शेवटी दोन पुतणे आणि एक भाची बँकॉकला जातील व सोबत मी जाईन, अशी तडजोड झाली. निवृत्त माणसाचा उपयोग अशा तडजोडींतच होतो.

गेल्या फेब्रुवारीत वडसा स्टेशनवरून निघून, नागपूर व कोलकाता करीत आम्ही बँकॉकला उतरलो. कोलकात्याहून हा विमानप्रवास जेमतेम अडीच तासांचा. घड्याळ मात्र दीड तास पुढे करावे लागते. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. हे नाव आपल्याला नवे नाही. आगमांवरील भाष्य-चूर्णींत आर्य कालकांची कथा येते. शिष्य प्रमादी झाले, तेव्हा आचार्य त्यांना न सांगता निघाले आणि सुवर्णभूमीत असलेल्या सागर नावाच्या आपल्या प्रशिष्याकडे पोहोचले. सागराने त्यांना ओळखलेच नाही. कोणी एक वृद्ध साधू समजून ठेवून घेतले. डॉ. उमाकांत शाह यांनी या प्रसंगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. ती सुवर्णभूमी नेमकी कोणती, हा विद्वानांचा विषय. पण अपरिचितांत केवळ 'कोणी एक वृद्ध' म्हणून राहणे म्हणजे काय, याची थोडी चव मला त्या शहरात मिळाली. छत्तीस वर्षे 'साहेब' ऐकलेल्या कानांना ती मानवली.

आमचा मुक्काम खाओ सान रस्त्याजवळच्या एका हॉस्टेलात होता. एका खोलीत आठ पलंग, चार खाली, चार वर. एका पलंगाचे भाडे चार-पाचशे बाथ. सामानाच्या कपाटाला कुलूप आपले आपण आणायचे. आपल्या जुन्या धर्मशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटू नये. खाओ सान या शब्दाचा अर्थ 'तांदूळ', म्हणजे धान भरडून निघालेला तांदूळ. हा रस्ता १८९२ मध्ये राजा चुलालोंगकोर्नच्या काळात बांधला गेला आणि तेथे तांदळाचा बाजार भरत असे. पाठीवर पिशवी घेतलेले प्रवासी १९८०च्या दशकापासून येऊ लागले आणि बाजाराचे रूप पालटले. चुलबंदच्या काठी धानाच्या पोत्यांत वाढलेल्या आम्हा मंडळींना हे ऐकून आपल्या गल्लीत आल्यासारखे झाले. थोरल्या पुतण्याने पहिल्याच दिवशी दुकानात शिरून त्यांचा 'होम मली' हा सुवासिक तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला, दाणा दाताखाली तोडला आणि म्हणाला, "काका, वास छान आहे, पण आपल्या एचएमटीची सर नाही." एचएमटी हे वाण निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच; त्यामुळे हा निवाडा निःपक्ष मानता येत नाही.

आता मुख्य विषय, आहाराचा. थाई स्वयंपाकात माशांपासून केलेला 'नाम प्ला' नावाचा पातळ रस मिठासारखा वापरतात. भाजीत मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणून ती शाकाहारी ठरत नाही, हे प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. 'मांगसविरात' हा आपलाच 'मांस-विरती'. पण त्यात अंडे चालते. दुसरा शब्द 'जे'. हा चिनी बौद्ध परंपरेतून आला. 'जे' आहारात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य! अशा दुकानावर पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असते. ते अक्षर मुलांनी मोबाइलमध्ये साठवून ठेवले होते. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा आपल्या आश्विनातील ओळीच्या आसपास, नऊ दिवस असा आहार पाळण्याचा तेथे मोठा उत्सव असतो आणि सारे शहर या पताकांनी पिवळे होते. मात्र 'जे' म्हणजे जैन नव्हे. बटाटा, मुळा, अळंबी सर्व चालते आणि सोयाबीनचे बनवलेले नकली मांस इतके हुबेहूब असते की मला त्याकडे पाहवेना. ज्यांना कंदमूळ वर्ज्य आहे त्यांनी बोट दाखवून विचारावे. फळे, भात, नारळपाणी यांवर दिवस सुखाने जातो. खाखरे आम्ही नेले होते, पण पिशवी स्वतःच्या पाठीवर असली की खाखऱ्याचेही वजन कळते.

खरी कसोटी तिसऱ्या दिवशी आली. हॉस्टेलात आमची ओळख हॉलंडच्या एका निवृत्त शिक्षिकेशी आणि कोरियाच्या दोन मुलींशी झाली होती. त्या संध्याकाळी सर्वांनी याओवारात या चिनी वस्तीत जेवायला जायचे ठरवले. ती वस्ती जागी होते दिवेलागणीनंतर आणि आमची भाची रात्रिभोजन करीत नाही. फेब्रुवारीत तेथे सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. धाकटा पुतण्या कुरकुरला, "एक दिवस काय होतं?" भाची शांतपणे म्हणाली, "तुम्ही जेवा, मी सोबत येते. माझ्यासाठी कोणी थांबू नका." मी मध्ये बोललो नाही. वडिलधाऱ्याने नियम सांगितला असता तर तो माझा झाला असता; तो तिचा होता. डच बाईंनी कारण विचारले. भाचीने तिच्या इंग्रजीत सूर्यप्रकाश, सूक्ष्म जीव आणि संयम हे तिन्ही पाच मिनिटांत सांगितले, जे मला प्रवचने ऐकूनही इतक्या थोडक्यात जमले नसते. त्या बाईंनी घड्याळ पाहिले आणि म्हणाल्या, मग आपण पाचला जेवू, दिवे नंतर पाहू. पाच वाजता सातही जणांनी एका 'जे' दुकानात भात आणि भाजी घेतली. धाकटा रात्री याओवारातमध्ये पुन्हा काही खाईल असे मला वाटले होते. त्याने नारळपाणीसुद्धा घेतले नाही. कारण मी विचारले नाही.

बाकी शहर पाहिले तसे सर्वच पाहतात. चाओ फ्राया नदीवरची बोट टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. वात फो येथील पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांबीची असून तिच्या मागे १०८ कांस्यपात्रे आहेत. लोक एकेक नाणे टाकीत जातात आणि तो नाद सतत घुमत असतो. सांपेंग ही घाऊक बाजाराची अरुंद गल्ली व्यापाऱ्याने जरूर पाहावी. बहुतेक दुकानांत तीन नगांपासूनच घाऊक भाव लागतो. तिला लागून पाहुरात येथे कापडाचा भारतीय बाजार आणि सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे.

पैशाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय माझ्यातला बँकवाला गप्प बसणार नाही. परदेशी कार्डावर तेथील एटीएम दर वेळी सुमारे २२० बाथ शुल्क कापते. म्हणून वारंवार थोडे काढू नये. यंत्र 'रुपयांत हिशेब करू का?' असे विचारते, तेव्हा नको म्हणावे आणि बाथच निवडावा, कारण त्यांचा दर आपल्या बँकेपेक्षा बहुधा महाग पडतो. १ मे २०२५पासून आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तो विनामूल्य आहे, पैसे मागणारे संकेतस्थळ खरे नव्हे. सोबत्यांत तंटा होतो तो पैशावरूनच, म्हणून आम्ही पहिल्या दिवशी प्रत्येकी सारखी रक्कम एका पाकिटात टाकली आणि भाचीने रोजमेळ लिहिला. रोज रात्री शिल्लक मोजूनच झोपायचे. एका रात्री वीस बाथ जुळेनात. ते कोरियन मुलीच्या बोटीच्या तिकिटाचे निघाले आणि तिने सकाळी न मागता आणून दिले.

पुढच्या नोव्हेंबरात भाचीला चार मैत्रिणींबरोबर व्हिएतनामला जायचे आहे. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला सोबत जाण्यास सांगितले. भाची म्हणाली, "मामा, या वेळी तुम्ही नको." बहीण अजून गप्प आहे; मी रोजमेळाची वही भाचीला देऊन टाकली आहे.