धावपट्टी एक, वाटसरू अनेक

परदेशी निघालेल्या मुलाला पोचवावयास फलटणचे एखादे कुटुंब निघते, तेव्हा प्रवासाचा पहिला टप्पा आकाशात नसतो. तो लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड असा रस्त्यावरच असतो. विमान रद्द झाले तर पुणेकर रिक्षाने घरी परततो; आमच्याकडील माणसाची मात्र शंभराहून अधिक किलोमीटरांची यातायात वाया जाते. म्हणून विमानतळांच्या कारभाराकडे तालुक्याच्या गावानेही डोळसपणे पाहिले पाहिजे.

लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे. धावपट्टी एकच, आणि तिच्यावर पहिला हक्क संरक्षणाचा. तो रास्तच आहे. दुरुस्तीसाठी 16 ते 29 ऑक्टोबर 2021 असे चौदा दिवस ती बंद राहिली, तेव्हा पुण्याची प्रवासी विमानवाहतूकच थांबली. 2024 मध्ये तेथे नवे, प्रशस्त टर्मिनल सुरू झाले. उत्तम झाले, परंतु दिवाणखाना वाढविल्याने दरवाजा रुंद होत नाही.

मुंबईचे दुखणे निराळे नाही. तेथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. विमाने 40 ते 60 मिनिटे आकाशात घिरट्या घालू लागली, तेव्हा फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारला गर्दीच्या वेळची उड्डाणे व अवतरणे ताशी 46 वरून 44 वर आणावी लागली. अशा वेळी वेळापत्रके बदलतात, मार्ग बंद होतात. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली आणि थोडा श्वास मोकळा झाला. पण आपले विमान कोणत्या विमानतळावरून सुटणार, हे पाहणे प्रवाशाच्या माथी आले.

पुण्यासाठी तसाच उपाय म्हणून 2016 मध्ये पुरंदरची निवड झाली. तो विमानतळ झाला, तर माउलींची पालखी ज्या वाटेने फलटणला येते, त्याच वाटेवर आम्हांला विमान मिळेल. आमचा स्वार्थ उघड आहे. म्हणूनच त्याची किंमत कोण मोजणार, हे विचारण्याची जबाबदारीही आमचीच. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर आणि मुंजवडी या सात गावांच्या जमिनीचा हा प्रश्न आहे. अंजीर-सीताफळांच्या बागा या कोरड्या तालुक्याने कष्टाने उभ्या केल्या. मे 2025 मध्ये ड्रोनने मोजणी करण्यावरून तेथे पोलीस आणि ग्रामस्थ यांच्यात संघर्ष झाला. मोजणी आधी आणि विश्वास मागाहून, हा क्रम उलटा आहे.

दुसरी धावपट्टी हवी, यात शंका नाही. पण जमीन देणाऱ्याला केवळ मोबदल्याचा धनादेश देऊन भागणार नाही. त्याचे पुनर्वसन कोठे होणार आणि नव्या उद्योगात त्याचा वाटा किती, हे लेखी आणि आधी ठरले पाहिजे. आमचा प्रवास तासाभराने कमी व्हावा म्हणून कोणाचे घर कायमचे उठणार असेल, तर त्याला निदान नवा पत्ता आधी कळावा.