पाणी नव्हे, प्लॅन बाधला!

मंडळी, लाँग वीकेंड संपल्यावर कुठल्याही आयटी कंपनीच्या पँट्रीत जाऊन उभं राहावं. "काय, कशी झाली ट्रिप?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. "एकदम मस्त!" पुढच्या पाच मिनिटांत मग कळतं की बायकोला घाटात दोनदा उलटी झाली, पोराचं पोट बिघडलंय, आईचा गुडघा सुजलाय आणि साहेबांचा स्वतःचा घसा बसलाय. "मस्त" म्हणतानाही आवाज फुटत नाही बिचाऱ्याचा! निदानसुद्धा तयार असतं, "तिकडचं पाणी बाधलं रे."

आज मला या पाण्याचं वकीलपत्र घ्यायचंय. सुट्टीत आपण आजारी पडतो त्यात पाण्याचा, हवेचा, कुणाच्या नजरेचा वाटा असेल थोडाफार. पण मुख्य आरोपी आहे आपण एक्सेलमध्ये बनवलेला तो रंगीबेरंगी प्लॅन. तीन दिवसांत अकरा ठिकाणं "कव्हर" करायचा हट्ट. हा बग नाहीये राव, डिझाइनच चुकलंय.

आधी गाडी लागणं घ्या. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. गाडी वळली की ती मेंदूला कळवते, "आपण हलतोय." त्याच वेळी मागच्या सीटवर मोबाइलमध्ये घुसलेले डोळे कळवतात, "छे, सगळं जागच्या जागी आहे." दोन सेन्सर, दोन वेगळी रीडिंग्ज. मेंदूचा गोंधळ उडतो आणि एक्सेप्शन थ्रो होतं. (कुठे, ते विचारू नका.) उपाय सगळ्यांना माहीत असतात. हलकं खावं, शक्यतो पुढे बसावं, लांबवर बाहेर बघावं, गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी.

आपण काय करतो? शुक्रवारी हापिसातून साडेनऊला सुटतो, पुण्यातून अकराला निघतो, बाराला ढाब्यावर पनीर बटर मसाला चापतो आणि पहाटे तीनला कुंभार्ली घाट उतरायला घेतो. मिट्ट काळोख, त्यामुळे लांबवर बघायला काहीच नाही. गोळी असते, पण डिकीत सगळ्यात खालच्या बॅगेत, आणि ती सापडते पहिली उलटी झाल्यावर! एवढं कशासाठी, तर "रात्री निघालं की एक दिवस वाचतो."

यातला एक भाग मात्र अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाडी चालवणारा तो गडी सकाळी सातला उठलेला असतो. म्हणजे घाटात त्याचा एकविसावा तास चालू असतो. १९९७ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा ढिला होतो, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दारूला आयुष्यात स्पर्श न केलेला, संकष्टी पाळणारा माणूससुद्धा पहाटे तीनला घाटात त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असू शकतो. आणि मागे त्याचं अख्खं कुटुंब विश्वासाने झोपलेलं असतं. वाचवलेला एक दिवस इतका महाग?

आता पोट. नव्या गावातले जंतू आपल्या आतड्यांना अनोळखी असतात, हे मान्य. पण सकाळी आठला मिसळ, दुपारी चारला जेवण ("दोन पॉइंट करून घेऊ, मग जेवू"), रात्री अकराला सुरमई थाळी आणि वर सोलकढीचे तीन ग्लास, हे वेळापत्रक घरीसुद्धा कुणाला झेपेल का? याचं उलटं टोकही असतं, ज्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही. एक बाथरूम, चार माणसं, गरम पाणी फक्त सात ते नऊ, आणि साडेसातला खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. कुणाचा कोठा साफ होणार आहे हो अशाने? तीन दिवस पोटात दगड घेऊन माणूस सूर्यास्त बघतो आणि फोटोत हसतो.

(जाता जाता: जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बॅगेत ओआरएसची पाकिटं असतील तर उत्तमच. फोनच्या चार्जरपेक्षा हलकी असतात ती.)

"पॉइंट" या शब्दाचीही मला आता भीती वाटायला लागली आहे. महाबळेश्वरला विल्सन पॉइंटवर सूर्योदय, बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त, मधल्या वेळात आर्थर सीट, केट्स पॉइंट, वेण्णा लेक, आणि "एवढं आलोच आहोत तर" प्रतापगड! दरी बघायला चार मिनिटं, पार्किंग शोधायला चाळीस. आईचा गुडघा प्रतापगडाच्या पायऱ्यांनी दुखावला असं आपण म्हणतो. पायऱ्या शिवरायांच्या काळापासून तिथेच आहेत हो! त्या दिवसातल्या सहाव्या ठिकाणी आल्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

इथवर ठीक आहे. उलटी, जुलाब, गुडघा, घरी येऊन बरं होतं. पण हाच प्लॅन आपण उचलून लडाखला नेतो, तेव्हा मात्र प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. मुंबई समुद्रसपाटीला, लेह साधारण ३,५०० मीटरवर. दिल्लीहून विमान दीड तासात पोचवतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि खारदुंगला खिंडीत जेमतेम निम्मा. शरीर याला जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या असं सांगतात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम. आणि आपला प्लॅन? पहिल्या दुपारी साइटसीइंग, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, लगेच सुमारे ४,२५० मीटरवर पँगाँगला मुक्काम. बाबांचं डोकं दुखायला लागलं की "ॲसिडिटी असेल, एक गोळी घ्या". बाबाही आपलीच माणसं. मुलाने पैसे भरलेत म्हणून गप्प बसतात. फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचायला लागलं तर जीव जाऊ शकतो, आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. प्लॅनमध्ये "खाली उतरणं" असा कॉलमच नसतो.

आता तुम्ही म्हणाल, "बोलायला सोपं आहे. सुट्ट्या आहेत किती?" मुद्दा खरा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम केलं तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. त्यातल्या निम्म्या नातेवाइकांच्या लग्नांत आणि गॅस सिलिंडरवाल्याची वाट बघण्यात जातात. पण म्हणूनच तर म्हणतोय! ज्याच्याकडे मोजक्याच रजा आहेत त्याने त्या उधळाव्यात का? परत आल्यावर आणखी दोन सिक लीव्ह टाकायला लागणार असतील, तर वाचवलेल्या त्या एका दिवसाचा हिशोब कुणीतरी मला समजावून सांगावा.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली दीड हजारांवर प्रौढांचा अभ्यास केला. सुट्टीवर जाणारे निघायच्या आधी इतरांपेक्षा खूश होते, पण परत आल्यावर बहुतेकांत आणि घरीच राहिलेल्यांत काही फरक उरला नव्हता. ज्यांनी आपली सुट्टी "अगदी निवांत" गेली असं सांगितलं, त्यांचाच आनंद घरी आल्यावरही थोडे दिवस टिकला. आपल्या आज्ज्यांना हे संशोधनाशिवाय माहीत होतं. मे महिन्यात आजोळी जाऊन महिनाभर आंबे खाणं, या प्लॅनमध्ये एकही पॉइंट नव्हता.

आपण रोज हापिसात एस्टिमेट देताना बफर धरतो. टेस्टिंगला वेळ नाही म्हणून मॅनेजरशी भांडतो. मग हाडामांसाच्या माणसांची सहल आखतानाच बफर शून्य का? माझं मागणं फार नाही. दिवसाउजेडी निघा. पोचल्याचा दिवस रिकामा ठेवा. यादी करा, आणि मग तिच्यातल्या निम्म्या ओळी डिलीट करा. "तुम्ही तिथे जाऊन ते नाही पाहिलंत?" असं विचारणारा एक काका प्रत्येक खानदानात असतो, त्याला खुशाल "नाही" म्हणून सांगा.

राहिलेली ठिकाणं कुठे पळून जात नाहीत. आर्थर सीट आहे तिथेच राहणार आहे. आईचे गुडघे मात्र दर वर्षी एक वर्ष म्हातारे होतायत, त्यांच्या हिशोबाने सुट्टी आखा.