शेगडीची ऊब

थंडीत शेगडी पेटवली की दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, ही पुष्कळ घरांतली रीत. हेतू हा, की ऊब बाहेर जाऊ नये.

पेणहून रोह्याला जाताना नागोठण्यापुढे निडी स्टेशन लागते. त्या गावी पौषातल्या एका पहाटे मी अंगणातल्या शेकोटीशी बसलो होतो. चहूकडे गार हवा, तरी तोंड भाजत होते आणि पाठ काकडत होती! निखाऱ्यांची उष्णता किरणांच्या रूपाने, मधली हवा फारशी न तापवता, थेट अंगावर येते. उन्हाची येते तशीच. विजेच्या लाल कांडीच्या हीटरचे तंत्रही हेच. कोरियातील जुन्या घरांत चुलीचा धूर जमिनीखालून खेळवीत. जमीन तापली, की हवा थोडी गार असली तरी माणसाला सुख वाटे.

मग कोळशाच्या शेगडीसाठी खोली कोंडायची कशाला? कोंडल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. निजलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. तेव्हा वाचकहो, शेगडी अंगणातच पेटवा, सारेजण तिच्याजवळ सरका आणि निजायच्या खोलीत मात्र गोधडीवरच भिस्त ठेवा.