तीन प्रती, त्यातली एक आपली

आज भोरच्या चहाच्या टपरीवरही मोबाइलने पैसे देता येतात. पण बँकेला क्षणात विचारणारी यंत्रे नव्हती, तेव्हा क्रेडिट कार्ड चालायचे कसे? परवा वेल्ह्याच्या बचत गटात एका ताईंनी हे विचारले.

सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 1980 साली ‘सेंट्रलकार्ड’ काढले. आपल्याकडच्या शेतमजुराला त्याचा वाराही लागला नाही. मीसुद्धा कार्ड पहिल्यांदा हातात घेतले ते बी.कॉम. झाल्यावर, पुण्यात एका कापडदुकानात कारकुनी करताना. तिथे नवे यंत्र आले होते. ते बिघडले की मालक कपाटातून जुने काढायचे.

त्यात कार्ड ठेवायचे. कार्डावर नाव आणि नंबर उठावाच्या अक्षरांत. वर कार्बन घातलेली तीन प्रतींची पावती, आणि इस्त्री फिरवावी तसा दांडा या टोकाहून त्या टोकाला. खटॅक! तिन्ही प्रतींवर नंबर उमटायचा. रक्कम हाताने लिहायची, गिऱ्हाइकाची सही घेऊन कार्डामागच्या सहीशी ताडायची. ज्याचा अंगठा, त्याचे इथे कामच नव्हते! चोरीच्या आणि रद्द कार्डांच्या नंबरांची छापील यादी बँका दुकानांना पाठवत. तिच्यात बोट फिरवून नंबर शोधायचा. यादी छापून येईपर्यंत चोर चार दुकाने फिरलेला असे, ही गोष्ट वेगळी. रक्कम ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी असली तर बँकेला फोन करून मंजुरीचा नंबर पावतीवर लिहायचा. कार्बनवरही कार्डाचा नंबर उमटलेला राही, म्हणून तो फाडूनच टाकायचा. पुढे पावत्या बँकेत भरल्या की कमिशन कापून दुकानाला पैसे, आणि कार्डवाल्याला महिन्याचे बिल.

एक प्रत दुकानाची, एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. ती फाडून देताना मला गावचे किराणा दुकान आठवायचे. तीही उधारीच, पण वही एकच, दुकानदाराकडे. आईने फेडलेले चाळीस रुपये एकदा त्या वहीत चढलेच नाहीत. आईने भिंतीवर कोळशाने रेघा ओढून हिशेब ठेवला होता. पण भिंत काही दुकानात नेता येईना, आणि वहीपुढे बाईचा शब्द कोण धरतो? चाळीस रुपये पुन्हा भरले. दिवाळीला घर सारवले, तेव्हा रेघाही गेल्या.