नॅनो-औषध नेमकं पोहोचतं कुठे?

व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. रक्तवाहिनीतून निळे गोल कण पोहत जातात, कॅन्सरची गाठ बरोबर ओळखतात, तिला चिकटतात आणि गाठ विरघळते. असा व्हिडिओ दाखवून नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हे आपल्याकडे मिळतं का? खर्चाचं बघू आम्ही." त्या शेवटच्या वाक्याची मला काळजी वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. औषधाचे कण साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात. त्यांच्या फटींतून असे कण आत शिरतील आणि तिथेच साचतील, ही कल्पना १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी मांडली. कल्पना सुंदर होती आणि तिच्यावर पुढे हजारो प्रयोग झाले.

मग कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातले वॉरन चॅन यांनी एक साधा हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत खरोखर किती पोहोचतात? मागच्या दहा वर्षांतले, मुख्यतः उंदरांवरचे, प्रयोग त्यांच्या गटाने एकत्र केले. २०१६ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: मध्यक ०.७ टक्के. म्हणजे हजार कण टोचले तर गाठीत सात! मोजण्याच्या या पद्धतीवर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, ते सगळेच चुकीचे नाहीत. पण ज्याने आयुष्य याच विषयात घातलं त्याने स्वतःच हा आकडा जगापुढे ठेवला, याचं मला कौतुक वाटतं. त्यांच्याच गटाने २०२० मध्ये दाखवलं की कण गाठीत शिरतात ते बहुतांशी फटींतून नव्हे, तर रक्तवाहिनीच्या पेशी त्यांना उचलून आत नेतात म्हणून.

बाकीचे कण जातात कुठे? मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत. रक्तातला कचरा गिळणाऱ्या पेशी तिथे बसलेल्या असतात आणि आपलं महागडं औषध त्यांच्या लेखी कचराच. गंमत म्हणजे याच सवयीचा एमआरआयमध्ये उपयोग झाला. लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण टोचले की निरोगी यकृत ते गिळतं आणि चित्रात काळं दिसतं. गाठीत त्या पेशी नसतात किंवा फार कमी असतात, त्यामुळे ती उजळ उठून दिसते. औषध पोहोचवताना जो अडथळा, तोच चित्र काढताना मदतनीस.

मग ही औषधं निरुपयोगी का? मुळीच नाही. डॉक्सोरुबिसिन हे जुनं, गुणकारी केमोचं औषध, पण हृदयाला इजा करणारं. ते चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हृदयावरचा धोका बराच कमी झाला. तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास मात्र नव्याने आला. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत ज्या अॅम्फोटेरिसिनसाठी लोक गावोगाव वणवण फिरले, त्यातही लायपोसोमल प्रकाराला मागणी होती. कारण साधं अॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला अधिक त्रास देतं.

माझं मत असं, की नॅनो-औषधांची आजवरची मोठी कमाई ही 'गाठीवर अचूक नेम' नसून 'बाकीच्या शरीराला कमी इजा' ही आहे. ही कमाई लहान नाही. ज्याचं हृदय आधीच कमकुवत आहे त्याच्यासाठी तर ती फार मोठी. पण तरुण, धडधाकट हृदयाच्या रुग्णाला साधं औषध तितकंच लागू पडत असेल, तर केवळ 'नॅनो' या शब्दासाठी शेत गहाण टाकू नका.

तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा: साध्या औषधापेक्षा माझ्या बाबतीत याचा फायदा कोणता, आयुष्य वाढण्याचा की त्रास कमी होण्याचा? चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

आणि हो, ऑनलाइन मिळणाऱ्या 'नॅनो' हळदीच्या किंवा सोन्याच्या कॅप्सूल वरच्या औषधांच्या पंक्तीत बसत नाहीत. घेत असाल तर डबी घेऊन या, लपवू नका. केमो चालू असताना पोटात आणखी काय जातंय हे आम्हाला कळायला हवं.