न पाहिलेला मित्र

‘ज्याला डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्याशी मैत्री कसली?’ आमच्या अंबरनाथचे शहाणे विचारतात. त्यांनी एकदा उल्हासनगरला जावे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्याचे उल्हासनगर झाले. तिथल्या माझ्या ओळखीच्या काकांना शिकारपूरच्या एका मुसलमान तरुणाने मोबाइलवर त्यांच्या जुन्या घराचे दार दाखवले. काका रडले, तिकडे तोही रडला. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून येणारे टपाल बंद झाले, तेव्हा शहाणे म्हणाले, ‘काका, पुसून टाका तो नंबर!’ काका म्हणाले, ‘त्याने माझ्याकडे कधी काही मागितले नाही.’

अहो, मागणाऱ्यापासून खुशाल सावध राहा. देणाऱ्यालाही चोर समजणे ही सावधगिरी नव्हे, मनाचा कद्रूपणा आहे!